ओटीचा तळ आणि बाळंतिणीचे आरोग्य



वसंत ऋतूत व्याख्याने ऐकण्याची आपल्याकडची चाल जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ साली तिचा पाया घातला आणि पुढे तिचे लोण महाराष्ट्रात गावोगाव पोहोचले. अशा व्यासपीठांवरून इतिहास झाला, वेदान्त झाला, शेती झाली, अर्थशास्त्र झाले. तरीही आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत कसे छापावे ह्यावर आमच्या चिटणीसांना दोन बैठका खर्च कराव्या लागल्या. 'स्त्रियांचे आरोग्य' एवढेच छापावे, असे कोणी सुचवले. आम्ही नम्रपणे नको म्हटले. ज्या दुखण्याला घरात नाव नाही आणि दवाखान्याच्या कार्डावरही नाव नाही, त्याला निदान व्याख्यानाच्या पत्रिकेवर तरी नाव मिळावे, एवढाच आमचा आग्रह होता. चिटणीसांनी तो मानला, ह्याबद्दल त्यांचे आभार प्रथमच मानतो.

आमचा व्यवसाय फिजिओथेरपीचा. सरकारी मराठीत ज्याला भौतिकोपचार म्हणतात तो. गुडघे, पाठ, मोडलेले हात, अर्धांगाने गेलेली बाजू, ह्यांना व्यायामाने पुन्हा कामाला लावणे हे आमचे नित्याचे काम. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ह्या विद्येचे शिक्षण सुरू झाले, तेव्हा पोलिओने लुळी पडलेली मुले सर्वांच्या डोळ्यांसमोर होती. लुळा पाय दिसतो, म्हणून त्याच्यासाठी समाज धावला. आज आम्हांला बोलायचे आहे ते न दिसणाऱ्या स्नायूंबद्दल.

काही वर्षांपूर्वी चौसष्ट वर्षांच्या एक आजी गुडघे दुखतात म्हणून आमच्याकडे आल्या. सोबत मुलगा आणि सात महिन्यांची गरोदर सून. गुडघ्यांचे व्यायाम सुरू झाले, पण खुर्चीवरून उठा म्हटले की आजी दचकत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला बाहेर बसायला सांगितले आणि मग हळूच म्हणाल्या, "उठताना लघवी सुटते हो. शिंकले तरी सुटते. धाकटा झाला तेव्हापासून आहे." धाकटा तेव्हा पस्तीस वर्षांचा होता. पस्तीस वर्षे ह्या बाईंनी लांबचा प्रवास टाळला, लग्नकार्यात पाणी पिणे टाळले, आणि ज्या घरात पिढ्यान्पिढ्या वारी आहे त्या घरात गेली अकरा वर्षे त्या वारीला गेल्या नव्हत्या. घरच्यांचा समज असा की गुडघे दुखतात म्हणून जात नाहीत. सगळे सांगून झाल्यावर आजींनी स्वतःसाठी काही मागितले नाही. दाराकडे पाहून त्या म्हणाल्या, "माझे जाऊ दे. हिला तरी होऊ नये, असे काही आहे का?"

आजचे व्याख्यान म्हणजे ह्या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

आपल्याकडे गरोदर बाईची आणि बाळंतिणीची हेळसांड होते असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. सातव्या महिन्यात ओटी भरतात, डोहाळे पुरवतात. बाळंतपण झाले की सव्वा महिना तिला विसावा देण्याची रीत आहे. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, अंगाला तेल, शेक-शेगडी, पोटाला पट्टा. चरकसंहितेच्या शारीरस्थानातही प्रसूतीनंतर सूतिकेच्या पोटाला स्नेह लावून ते मोठ्या स्वच्छ वस्त्राने गुंडाळावे असे सांगितले आहे. म्हणजे पट्ट्याची परंपरा दोन हजार वर्षांच्या आसपासची आहे. त्या सव्वा महिन्यामागे मोठे शहाणपण होते. झालेल्या श्रमातून शरीर भरून यायला अवधी लागतो, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते.

पण ह्या सगळ्या व्यवस्थेत एक जागा राहून गेली. आपण ओटी भरतो. ओटीच्या तळाची विचारपूस करत नाही.

हा तळ म्हणजे काय, ते साध्या शब्दांत सांगतो. ओटीपोटाच्या पुढच्या बाजूस, अगदी खाली, एक हाड हाताला लागते. मागच्या बाजूस माकडहाड. ह्या दोहोंच्या मध्ये आणि दोन्ही बाजूंच्या बैठकीच्या हाडांपर्यंत स्नायूंची एक झोळी ताणून बसवलेली असते. तिच्यावर पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय आणि मागे मोठ्या आतड्याचे शेवटचे टोक, असे तीन अवयव टेकलेले असतात, आणि त्यांची तिन्ही दारे ह्या झोळीतूनच बाहेर पडतात. सुंभाने विणलेली बाज डोळ्यांसमोर आणा. वीण घट्ट असेल तर निजणारा वर राहतो. सैल पडली तर तो खाली लोंबतो. बाजेच्या पायथ्याच्या दोऱ्या ओढून आपण ती पुन्हा ताणून घेतो. ओटीच्या तळाची गोष्ट अशीच आहे. फरक इतकाच की ही वीण जिवंत आहे, आणि तिच्या दोऱ्या ओढण्याचे काम ज्या बाईची ती आहे तिलाच करावे लागते.

ह्या झोळीकडे कामे तरी किती! वरचा भार तोलणे हे एक. खोकला, शिंक, हसणे, हंडा उचलणे अशा प्रसंगी पोटात दाब वाढतो, तेव्हा दारे घट्ट आवळून धरणे हे दुसरे. लघवी-शौचाच्या वेळी आणि प्रसूतीच्या वेळी वेळेवर सैल होणे हे तिसरे. आणि पोटाच्या व पाठीच्या खोल स्नायूंच्या जोडीने कणा सावरणे हे चौथे. हे सर्व न बोलता, न दिसता चाललेले असते, म्हणून बिघडेपर्यंत त्याची आठवण कोणालाच होत नाही.

आता गरोदरपणात काय होते पाहा. नऊ महिने ह्या झोळीवरचा भार वाढत जातो. शरीरातले काही अंतःस्राव सांध्यांचे बंध मऊ करतात. पोटाचे दोन उभे स्नायू मधल्या पांढऱ्या शिवणीपासून बाजूला सरकतात. कंबरेच्या व जांघेच्या सांध्यांत दुखू लागते. सुमारे पाचांतल्या एका गरोदर स्त्रीला हे दुखणे भोगावे लागते. आणि मग प्रसूती. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर प्रसूतीचे प्रतिरूप उभे करून २००४ साली एक गणित मांडले. बाळाचे डोके बाहेर येताना ह्या झोळीचा सर्वांत आतला पदर मूळ लांबीच्या सव्वातीन पट ताणला जातो, असे त्यातून दिसले. दंडाचा किंवा मांडीचा कोणताही स्नायू इतका ताणला तर आपण बाईला महिनोन्महिने आमच्याकडे पाठवू. येथे मात्र दोन-चार टाके घालतात, पेढे वाटतात आणि सगळे बाळाकडे वळतात.

शस्त्रक्रियेने बाळंत झालेल्यांना ही भीती नाही, असा एक समज आहे. तो पुरता खरा नाही. खालून होणाऱ्या प्रसूतीने झोळीला जी इजा होते ती शस्त्रक्रियेत बरीचशी टळते. पण नऊ महिन्यांचा भार तर दोघींनीही वाहिलेला असतो, आणि शस्त्रक्रियेत पोटाची भिंत उघडलेली असते ती निराळीच. महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ ह्या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सुमारे चौथा हिस्सा प्रसूती शस्त्रक्रियेने झालेल्या आढळल्या. त्या बायकांनाही उठावे कसे, खोकावे कसे, वजन कधी उचलावे, हे कोणी शिकवायला हवे.

ही तक्रार विरळा नाही. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र मांडल्या तर बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तीन स्त्रियांपैकी सुमारे एकीची लघवी कमीअधिक सुटते. पुढे काहींची आपोआप थांबते, पुष्कळांची थांबत नाही. काहींना योनिमार्गात काही उतरल्यासारखे वाटते, ज्याला आपल्याकडे 'अंग बाहेर येणे' म्हणतात. काहींना वात आवरत नाही. काहींना पतीजवळ जाणे नकोसे होते, कारण टाक्यांची जागा दुखते. ह्या शेवटच्या दुखण्याने किती संसारांत विनाकारण गैरसमज झाले असतील, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

मग हे बोलले का जात नाही? गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहाशे पन्नास स्त्रियांची तपासणी केली, आणि १९८९ साली तिचा अहवाल 'लॅन्सेट' ह्या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाची एक तरी व्याधी होती. आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. त्या व्याधी नाना प्रकारच्या होत्या, सगळ्या आजच्या विषयातल्या नव्हत्या; पण त्या आकड्यांतून आपल्या समाजातले मौन केवढे आहे ते मोजता आले. कमरेखालचे सगळे दुखणे म्हणजे बाईच्या जातीचा भोग, हा समज त्या मौनाच्या मुळाशी आहे. आजींचेही शब्द तेच होते: "बायकांना असायचेच."

बायकांना असायचेच, हे वाक्य आज शास्त्राच्या दृष्टीने खोटे ठरले आहे. ते कसे ठरले हेही थोडक्यात सांगतो.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिनी रँडेल नावाच्या बाईंनी बाळंतिणींना अंथरुणातच व्यायाम शिकवायला सुरुवात केली. मार्गारेट मॉरिस ह्या मूळच्या नर्तकी. त्यांनी १९३६ साली गरोदरपणातल्या व शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामांवर पुस्तक लिहिले. पुढे १९४८ साली दोन गोष्टी घडल्या. इंग्लंडात प्रसूतिविषयक काम करणाऱ्या भौतिकोपचारतज्ज्ञांनी आपली संघटना काढली. आणि अमेरिकेत डॉ. आर्नोल्ड केगल यांनी ह्या तळाच्या स्नायूंना पद्धतशीर व्यायाम दिला तर लघवीवरचा ताबा परत येऊ शकतो, असा निबंध प्रसिद्ध केला. स्नायूंची पकड मोजण्याचे एक उपकरणही त्यांनी बनवले होते. पडदा असा की आत काय चालले आहे ते बाईलाही कळत नाही. त्या उपकरणाचा काटा हलला की तिला कळे, आपले काम बरोबर चालले आहे.

नंतरच्या काळात ह्या गोष्टीची कसून परीक्षा झाली. नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम येथे ३०१ पहिलटकरणींचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाला गरोदरपणात बारा आठवडे भौतिकोपचारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली व्यायाम दिला. दुसऱ्याला नेहमीचा सल्ला. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी लघवी सुटण्याची तक्रार पहिल्या गटात २० टक्के स्त्रियांना होती, दुसऱ्यात ३२ टक्के. हा अहवाल २००३ सालचा. कोक्रेन ही संस्था जगभरचे असे प्रयोग एकत्र करून तपासते. तिच्या २०२० च्या आढाव्यात एकवीस देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांचे प्रयोग होते. ज्या गरोदर स्त्रियांना अजून तक्रार नव्हती, त्यांनी लवकर व्यायाम सुरू केला तर गरोदरपणाच्या अखेरीस लघवी सुटण्याचा संभव सुमारे ६० टक्क्यांनी घटतो, असे त्यातून दिसले. आजींच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे: होय, सुनेसाठी काही आहे; आणि ते बाळंतपणाच्या आधीच सुरू करायचे आहे.

येथे एक शंका नेहमी निघते. स्नायू बळकट केले तर प्रसूती अडेल, असे कोणी म्हणते. अडत नाही. नॉर्वेतल्या त्याच स्त्रियांच्या प्रसूतींची नोंद तपासली तेव्हा व्यायाम केलेल्यांची बाळंतपणे लांबलेली आढळली नाहीत. बळकट स्नायू म्हणजे ताठर स्नायू नव्हे. चांगला स्नायू तो, ज्याला आवळताही येते आणि सोडताही येते.

आता व्यायाम कोणता, हे ऐकायला आपण उत्सुक असाल. तो इथे बसल्या जागी करता येतो आणि शेजाऱ्याला कळतही नाही. चारचौघांत वात सरू नये म्हणून आपण मागची जागा आवळतो, तशी आवळावी. ते आवळणे पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणावे आणि आतून वर उचलावे. श्वास चालू ठेवावा. पोट फुगवू नये, मांड्या व ढुंगण आवळू नये. जमेल तितके आकडे धरून ठेवावे, हळूहळू आठ-दहापर्यंत न्यावे, आणि मग पूर्ण सोडावे. सोडणे हे आवळण्याइतकेच महत्त्वाचे. असे आठ वेळा. दिवसातून तीन वेळा. निदान तीन महिने. इंग्लंडातल्या अधिकृत मार्गदर्शनातही प्रमाण साधारण हेच आहे. योगाभ्यास करणाऱ्यांना ह्यात मूलबंधाची आठवण होईल, आणि ती योग्यच आहे; फक्त येथे श्वास कोंडायचा नाही.

इतके सोपे असेल तर तज्ज्ञाची गरज काय? गरज अशी. अमेरिकेत १९९१ साली ४७ स्त्रियांना हे आवळणे नुसते तोंडी समजावून सांगितले आणि मग मोजून पाहिले. बरोबर करत होत्या जेमतेम निम्म्या. आणि चौथा हिस्सा स्त्रिया नेमके उलटे करत होत्या, म्हणजे वर उचलण्याऐवजी खाली जोर देत होत्या. बाजेची दोरी ताणण्याऐवजी तिच्यावर उड्या मारण्यासारखे ते झाले. म्हणून पहिल्यांदा एकदा तरी जाणकार स्त्रीकडून तपासून घ्यावे. तपासणी बाईच्या संमतीने, पडद्याआड होते. नको वाटली तर बाहेरून पाहूनही पुष्कळ समजते. शिवाय काहींचे दुखणे सैलपणाचे नसतेच. टाक्यांच्या दुखण्याने, भीतीने त्यांचे स्नायू सतत आखडलेले असतात. अशा बाईने आवळण्याचा सपाटा लावला तर दुखणे वाढते. तिला आधी सोडायला शिकवावे लागते. दीर्घ श्वास, शेक, हलक्या हाताने जुन्या टाक्यांची जागा मऊ करणे, हे तिचे उपचार.

बाळंतपणानंतर सुरुवात केव्हा करावी? साधी प्रसूती असेल, लघवी मोकळी होत असेल, तर पहिल्या काही दिवसांतच हलके आवळणे-सोडणे सुरू करायला हरकत नाही. त्याने रक्तप्रवाह वाढतो आणि सूजही उतरते. अंथरुणातून उठताना सरळ उठून बसू नये. कुशीवर वळावे आणि हाताचा आधार घेऊन उठावे. खोकला येणार असे वाटले की त्याच्या क्षणभर आधी तळ आवळावा. ही हातोटी क्षुल्लक वाटते. पण मिशिगनच्याच संशोधकांनी १९९८ साली, तीही साठी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये, दाखवून दिले की एका आठवड्याच्या सरावाने खोकताना होणारी गळती पुष्कळच कमी होते. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण रोज कुंथणे म्हणजे रोज थोडी बाळंतपणाची इजा. आणि पाणी कमी पिऊ नये. लघवी सुटते म्हणून बायका पाणी तोडतात. त्याने लघवी दाट होऊन जळजळ वाढते आणि बद्धकोष्ठही जडते.

पोट सुटण्याबद्दल दोन शब्द. पोटाचे ते दोन उभे स्नायू बाळंतपणानंतर आपोआप जवळ येऊ लागतात. नॉर्वेतल्या तीनशे पहिलटकरणींच्या पाहणीत सहा आठवड्यांनी ६० टक्के स्त्रियांमध्ये ही फट होती. वर्षाने ती सुमारे ३३ टक्क्यांवर आली. म्हणून दुसऱ्या महिन्यात आरशासमोर उभे राहून रडण्याचे कारण नाही. पट्ट्याने आधार वाटत असेल तर तो बेताने बांधावा. मात्र करकचून बांधला तर पोटातला दाब खाली जातो, आणि खाली असतो तो आधीच थकलेला तळ. पट्टा स्नायूंचे काम करत नाही, स्नायूच ते करतात. आणि ताप, अंगावरून फार जाणे, पोटरीला सूज व दुखणे, लघवी अडणे किंवा अखंड झिरपणे, काही बाहेर आल्यासारखे वाटणे, ह्यांपैकी काहीही झाले तर व्यायामाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. प्रसूतीत फाटणे गुदद्वारापर्यंत गेले असेल तर सुरुवातीपासूनच तज्ज्ञाच्या देखरेखीखाली राहावे.

आमच्या आजीने शेतात बाळंत होऊन दुसऱ्या दिवशी भारा उचलला, तिला कुठे व्यायाम लागला, असे पुष्कळजण अभिमानाने सांगतात. त्यांना आमचा एकच प्रश्न असतो: आजीला शिंकताना काय होत असे, हे आपण तिला विचारले होते का? कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. व्यायाम शक्तीच्या बेताने वाढवतात. कष्ट शक्ती पाहून येत नाहीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय-शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळापर्यंत गेला. त्यामागची कारणे अनेक होती आणि सगळी आजच्या विषयाची नव्हती. पण कमरेखालच्या दुखण्यावर 'पिशवी काढून टाका' हा एकच उपाय बाईच्या कानावर पडतो, ही शोचनीय गोष्ट त्यातून सर्वांना दिसली. पिशवी काढल्याने झोळी घट्ट होत नाही, एवढे तरी आपण ध्यानात ठेवावे.

आता करायचे काय? फार खर्चाचे काही नाही. फ्रान्समध्ये बाळंतिणीला अशा उपचारांच्या बैठका लिहून देतात आणि त्यांचा खर्च सामाजिक विमा सोसतो. तेवढे होईल तेव्हा होवो. आपल्याकडे जवळजवळ ९५ टक्के प्रसूती आता रुग्णालयांत होतात, म्हणजे प्रत्येक बाळंतीण निदान दोन-तीन दिवस शिकवणाऱ्याच्या हाताशी असते. आम्ही अनेक ठिकाणची घरी सोडतानाची कार्डे पाहिली आहेत. बाळाची लस, बाळाचे वजन, बाळाचे दूध, सगळे तारखांसकट. आईसाठी एक ओळ: 'टाके दाखवायला येणे.' त्या ओळीखाली दुसरी ओळ वाढवणे अवघड नाही. घरोघर जाणाऱ्या आशाताई बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत ठरल्या दिवशी सहा-सात भेटी देतात. त्यांतल्या एका भेटीत त्यांनी एवढेच विचारावे: "खोकताना लघवी सुटते का?" विचारणारे कोणी भेटले की बाया बोलतात, असा आमचा अनुभव आहे.

आणि शेवटी घरच्यांना. ह्या सभेत पुरुषमंडळी बऱ्याच संख्येने आली आहेत, ह्याचा आम्हांला फार आनंद वाटतो. व्यायामाला दिवसातून तिनदा पाच-पाच मिनिटे लागतात. पण ती पाच मिनिटे बाळंतिणीला कोणी तरी द्यावी लागतात. तेवढा वेळ बाळ घ्या. पाण्याची कळशी तुम्ही उचला. आणि तिने काही सांगितले तर "असायचेच" म्हणू नका. सासूबाईंना विनंती अशी की आपण जे भोगले ते सुनेला सांगा. लाजेपायी न सांगितलेला अनुभव कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

त्या आजींनी सांगितला. त्या दिवसापासून सासू-सुना दोघी आमच्याकडे येऊ लागल्या आणि शेजारशेजारी निजून एकच व्यायाम करू लागल्या. सून पुढच्या दिवसांसाठी, सासू मागच्यांसाठी. सून बाळंत झाली. पहिल्या महिन्यात तिला थोडी तक्रार होती. तिने ती लपवली नाही, आणि चौथ्या महिन्यापर्यंत ती गेली. आजींचे दुखणे पस्तीस वर्षांचे. ते समूळ गेले असे सांगितले तर ती फसवणूक होईल. पण खुर्चीवरून उठताना त्या आता दचकत नाहीत. पुढच्या आषाढात त्यांनी सासवडहून जेजुरीपर्यंत पालखीबरोबर एक मजल केली. परत आल्यावर आम्ही विचारले, कसे झाले? त्या म्हणाल्या, "पाणी मागून मागून प्याले."

घरी गेल्यावर हा विषय जेवणाच्या वेळी निघाला, आणि कोणी तरी कोणाला तरी एक प्रश्न विचारला, तर आमचे येणे सार्थकी लागेल.